दोघींच्या मधला बांध

खडकदरा, ता. सिल्लोड
२ डिसेंबर २०२४

प्रिय लुबना,

जय भीम. पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोन करायचा तर माझा फोन माझ्याकडे आहे कुठं? तू समाजमंदिरात येऊन त्यात ते मोजणीचं अ‍ॅप घालून गेलीस, तेव्हापासून तो वस्तीच्या मालकीचा झालाय. दिवसभर ह्या शेतातून त्या शेतात फिरतो आणि संध्याकाळी माझ्या हाती येतो तो मेलेला. सिल्लोडच्या गल्लीत तुला बोटाला धरून शाळेत नेणारी मी, तेव्हा तुला पत्र लिहायला लाजायचं काय कारण?

मोजणी झाली. तू शिकवलंस तसं प्रत्येकीनं फोन पुढं धरून आपापल्या शेताला फेरा मारला. इतक्या जपून, की हातात काठोकाठ भरलेली तेलाची वाटी असावी. अ‍ॅपनं विचारलं, "जमीन कोण कसतं?" तर बायांनी बेधडक आपापली नावं सांगितली. शनिवारी आमचे हे बजाजनगरहून आले, त्यांनी यादी पाहिली आणि तोंड वाकडं केलं. "माझं नाव नाय व्हय?" मी म्हटलं, "तुम्ही कंपनीत बोल्ट कसता. जमीन मी आन आत्याबाई कसतो." गडी हसला, पण जरा उशिरानं.

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, तू पाहिलंसच. गीताबाई सांडू खरात. नामांतराच्या दंगलीनंतर गावानं आमच्या लोकांना कामाला बोलावणं बंद केलं, तेव्हा आत्याबाईंनी आणि मामंजींनी गायरानातले दगड वेचून ही जमीन केली. मामंजी गेले, ह्यांचे केस पिकले, पण त्यातलं ढेकूळसुद्धा अजून ह्यांच्या नावावर नाही. आणि आता ग्रामसभेत कळलं, की गायरान कागदावर मोकळं आहे, म्हणून तिथं सौर प्लेटा बसवायचं चाललंय. आत्याबाई त्या दिवसापासून जेवताना बोलत नाहीत. १४ एप्रिल १९९० च्या आधीपासूनचा कब्जा दाखवला तर जमीन नावावर होऊ शकते, असं तू म्हणालीस. ते तेवढं कर, बाई. त्यांना नाव लागलेलं बघायचंय.

तुझ्या अम्मीला, अनवरीखालांना, सलाम सांग. त्यांनी भरलेल्या बांगड्यांतली हिरवी जोडी अजून फुटलेली नाही.

तुझी,
रत्नाताई

*

चिकलठाणा
९ डिसेंबर २०२४

प्रिय ताई,

पत्र अम्मीला वाचून दाखवलं. बोल्टचा किस्सा तिनं तीन वेळा वाचायला लावला आणि आता गल्लीभर सांगत सुटली आहे.

तुमची मोजणी संगणकावर उघडली. शाबास! एकही फेरा अर्धवट नाही. आमच्या संस्थेतल्या शिकलेल्या पोरांना जमत नाही इतकं नेटकं काम आहे. मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे तुम्ही प्रत्येक दोन शेतांच्या मधून रस्ता सोडला आहे. एवढी शिस्त मी दुसऱ्या कुठल्या गावात पाहिली नाही. तुझ्या सासूबाई आणि त्यांच्या शेजारच्या चंपाबाई साळवे, ह्या दोघींच्या मधला रस्ता तर एवढा ऐसपैस आहे की बैलगाडी आरामात वळेल.

एकच अडचण. सगळी शेतं मिळून जेवढी जमीन तुम्ही सांगितली होती, त्यापेक्षा नकाशात बरीच कमी भरते. रस्त्यांत गेली असावी. तेवढं विचारून कळव.

तुझी,
लुबना

*

खडकदरा
१४ डिसेंबर २०२४

लुबना,

रस्ता? कसला रस्ता? तुझं पत्र मी समाजमंदिराच्या ओट्यावर वाचलं आणि बाया एवढ्या हसल्या की शेळ्या उधळल्या. आमच्याकडं माणसाला चालायला पायवाट नाही आणि तू बैलगाड्या वळवतेस!

शहरात राहून तू विसरलीस वाटतं. अगं, बांध कोरणं ह्याच्याइतका मोठा आळ आपल्याकडं दुसरा नाही. चोर म्हटलेलं माणूस सहन करेल, पण "ह्यानं माझा बांध कोरला" असं कुणी म्हटलं की पिढ्यान्‌पिढ्या तोंड बघायचं नाही. आता प्रत्येकीच्या हातात फोन, आणि तो कुठं चाललो ते लिहून ठेवतो म्हणे. मग कोण जाईल बांधावरून? उद्या शेजारीण म्हणायची, फोनमध्ये बघा, ही माझ्यात शिरली होती. म्हणून प्रत्येक बाई आपल्याच शेतात हातभर, दोन हात आतून चालली. तू ज्याला रस्ता म्हणतेस तो आमचा भिडस्तपणा आहे.

राहिली आत्याबाई आणि चंपाबाईची बैलगाडी. त्या दोघींचं बांधावरून वाजलंय ते माझं लग्न व्हायच्याही आधीपासून. आत्याबाई म्हणतात, चंपाबाई दर साली वखराचा एक तास, म्हणजे एक ओळ, इकडं सरकवते. चंपाबाई अगदी तेच आत्याबाईंबद्दल सांगते. दोघींचं ऐकलं तर तो बांध एव्हाना एकाच वेळी अजिंठ्याला आणि जालन्याला पोचायला हवा. दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, पण एकमेकींबद्दल बोलल्याशिवाय त्यांचा दिवस जात नाही. फोन घेऊन चालताना दोघीही बांधापासून एवढ्या लांब राहिल्या, जसा काही त्याच्यावर विंचू बसलाय.

हसून घेतलं, आता काळजीचं. मधली जमीन रिकामी दिसली तर बिघडेल का?

रत्नाताई

*

चिकलठाणा
२१ डिसेंबर २०२४

ताई,

माझं चुकलं, आणि मी सिल्लोडची असून चुकलं, म्हणून अम्मीनं मला चांगलंच फैलावर घेतलं. "बांध का मतलब नहीं मालूम तेरे को?" असं दोन दिवस चाललंय.

हो, बिघडेल. म्हणूनच हे पत्र घाईनं लिहिते आहे. मधल्या पट्ट्या रिकाम्या दिसल्या तर सौर प्लेटावाले म्हणतील, बघा, ह्यांच्याच नकाशात गायरान मोकळं आहे.

आता चांगली बातमी. मला १९८९ चं, उपग्रहातून काढलेलं तुमच्या भागाचं चित्र मिळालं. पावसाळ्यातली चित्रं बिनकामाची, तेव्हा सगळंच हिरवं असतं. हे जानेवारीतलं आहे. जानेवारीत गायरान वाळून पिवळं पडतं आणि शाळू मात्र शेतात हिरवा उभा असतो. चित्र अंधूक आहे, चष्मा काढल्यावर जेवढं दिसावं तेवढंच दिसतं. पण तुमच्या वस्तीच्या मागं एक हिरवं ठिगळ स्पष्ट आहे, ताई. मी खुर्चीतून उठले आणि ऑफिसभर चक्कर मारून आले.

फक्त ते ठिगळ सलग आहे आणि तुमचा नकाशा तुटक. तो जुळायला हवा. म्हणून आता नवी पद्धत: शेजारणींनी जोडीनं, बांधावरून, एकच फेरी मारायची. दोघींनी एकत्र चाललेली रेघ दोघींची. कुणी कुणात शिरलं नाही आणि मधे काही उरलंही नाही.

सगळ्या जोड्या लागतील. एकही राहून चालणार नाही. गायरान तुमच्या नावावर करायच्या अर्जाची सुनावणी जानेवारीअखेर लागेल असं ऐकते.

लुबना

*

खडकदरा
६ जानेवारी २०२५

प्रिय लुबना,

सगळ्या जोड्या झाल्या. हो, सगळ्या. आता ऐक.

बाकीच्या बाया दोन दिवसांत चालून मोकळ्या झाल्या. उलट त्यांना मजाच वाटली. ह्या दोघी मात्र हटून बसल्या. आत्याबाई म्हणाल्या, "तिनं आधी पाऊल टाकावं." चंपाबाईचा निरोप आला, "गीता आधी आली तर बघू." मी दोन्हीकडं जाऊन हात जोडले. त्यांच्या कडुबानं, चंपाबाईच्या नवऱ्यानं, म्हाताऱ्या माणसानं बायकोपुढं तोंड उघडून बघितलं आणि लगेच मिटलं. वस्तीतली माणसं मला बोलायला लागली, की तुझ्या सासूपायी सगळ्यांची जमीन जाईल. मला रडू यायचं बाकी होतं.

मग परवा सकाळी कुठल्यातरी ठेकेदाराची दोन माणसं आली. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. सरळ आमच्या आणि चंपाबाईच्या शेताच्या मधोमध, बांधाला लागून, त्यांनी लाल चिंधी बांधलेली लोखंडी खुंटी ठोकली. दोघींनी जपून जपून सोडलेली ती जागा त्यांना बरी रिकामी सापडली.

मी हरभऱ्यात होते. बघते तर इकडून आत्याबाई पदर खोचून धावतायत आणि तिकडून चंपाबाई. दोघी एकदमच खुंटीशी पोचल्या. आत्याबाईंनी एकटीनं हिसका दिला, खुंटी हलेना. आणि चंपाबाई बोलली. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा मी तिला आत्याबाईंशी बोलताना ऐकलं.

"गीते, अशी नाय निघायची. तिकडून धर."

दोघींनी धरली, उपटली आणि त्या माणसांच्या पायाशी टाकली. चंपाबाई म्हणाली, "ह्यो बांध हाय. हितं आमच्याबिगर कुणी काय रोवायचं नाय." माणसं खुंटी उचलून गाडीत बसली.

मी संधी सोडते होय! तिथंच फोन काढून दोघींच्या मधे धरला. फोन चंपाबाईच्या हातात, कारण तिचा आत्याबाईंवर भरवसा नाही. चंपाबाईचं मनगट आत्याबाईंच्या हातात, कारण त्यांचा तिच्यावर नाही. अशा दोघी बांधाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत अगदी गोडीगुलाबीनं चालत गेल्या. मागं बाया टाळ्या वाजवत होत्या. मला भरून आलं.

आता जमतं का बघ.

तुझी,
रत्नाताई

*

चिकलठाणा
११ जानेवारी २०२५

ताई,

जमलं! जमलं, जमलं, जमलं! तुमचा नवा नकाशा मी त्या जुन्या हिरव्या ठिगळावर ठेवला आणि तो त्यात बसला, अगदी मापानं शिवलेल्या ब्लाउजसारखा.

आता तुला सांगते, तेव्हा सांगितलं नव्हतं. पहिल्या नकाशानंतर आमच्या मोहियोद्दीन सरांनी तुमच्या गावाची फाइल बाजूला ठेवली होती. म्हणाले, ह्यात दम नाही, पुढच्या वर्षी बघू. मी तरीही करत राहिले, ऑफिस सुटल्यावर, आणि तुला कळवलं नाही, कारण तू खचली असतीस. आज सरांनी स्वतः फाइल उचलून वर ठेवली आणि सगळ्यांसाठी चहा मागवला.

एक मात्र विचारायचं आहे. तुझ्या सासूबाई आणि चंपाबाई "गोडीगुलाबीनं" चालल्या ना? मग बांधाच्या मध्यावर ठिपक्यांचा एवढा मोठा पुंजका का आहे? अ‍ॅप दर थोड्या वेळानं एक ठिपका टाकतं. त्या जागी दोघी चांगला अर्धा तास उभ्या होत्या, आणि मधून मधून चार पावलं मागंसुद्धा गेल्या. तिथं झालं काय?

सुनावणी २९ तारखेला. मला येता येणार नाही, त्याच दिवशी अम्मीच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि ती माझ्याशिवाय कुणाला डोळ्याला हात लावू देणार नाही. आमचा इंद्रजीत लॅपटॉप घेऊन येईल. नकाशा तो दाखवेल. पण साहेब लोक माणसांनाच विचारतात, ताई. "कधीपासून कसता?" असं विचारलं तर सासूबाईंना साल सांगता येईल ना? त्यांची तयारी करून घे.

लुबना

*

खडकदरा
३१ जानेवारी २०२५

प्रिय लुबना,

आधी खालांच्या डोळ्याचं कळव. मग हे त्यांना मोठ्यानं वाच.

तुझ्या ठिपक्यांनी आमची अब्रू घालवली. हो, भांडण झालं. बांधाच्या मध्यावर एक मोठा दगड आहे, तो आपण ठेवला असं दोघींचं म्हणणं. मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. तुझा फोन एवढा चहाडखोर असेल असं मला काय माहीत!

आता सुनावणी. तयारी करून घे म्हणालीस, म्हणून मी पंधरा दिवस आत्याबाईंकडून साल पाठ करून घेतलं. भाकरी थापताना, पाणी शेंदताना, सारखं एकच. कचेरीत गेल्यावर मात्र सगळं उडालं. इंद्रजीतनं फार छान दाखवलं. भिंतीवर ते हिरवं चित्र आलं, त्यावर आमच्या रेघा बसल्या, आणि मागं बसलेल्या आमच्या बाया आपापलं शेत ओळखून एकमेकींना ढोसायला लागल्या. मग सौर प्लेटावाल्यांचे वकील उठले. म्हणाले, हिरवं आहे हे मान्य, पण झुडपं नसतील कशावरून? आणि शेती असली तरी ती ह्यांचीच कशावरून?

सुनावणी घेणाऱ्या मॅडमनी आत्याबाईंना विचारलं, "आजी, तुम्ही कधीपासून कसता?"

"पहिल्यापासून."

"पहिल्यापासून म्हणजे कोणत्या सालापासून?"

आत्याबाई माझ्याकडं बघायला लागल्या. ओठ हलतायत, शब्द नाही. वकील गालात हसले. लुबना, मला वाटलं, संपलं. एवढं दगड वेचणं, एवढं चालणं, आणि एका आकड्यापायी जमीन गेली.

तेवढ्यात मागून चंपाबाईचा आवाज आला. "तिला काय इचारता बाईसाहेब? तिला सांगायला तोंड हाय का? आमचे मालक नामांतराच्या जेलात व्हते, तवा हिच्या नवऱ्यानं दोन तास माझ्यात घातले!"

आत्याबाईंची वाचा तिथंच परत आली. गर्रकन वळल्या. "खोटं बोलती! तवा बांध तरी व्हता का? बांध म्या घातला. तुझ्या थोरल्याच्या बारशाच्या साली! दगड डोक्यावर वाहिलेत म्या, आन तू बाजंवर बसून बघत व्हतीस."

"बाळंतीण व्हते म्हनून बसले व्हते! आन तू बांध घातला तो माझ्या जवारीत घातला. हुरड्याला आलेली जवार व्हती माझी!"

शिपाई "शांत रहा, शांत रहा" म्हणायला लागला. मॅडमनी हात वर करून त्यालाच गप्प केलं. "चालू द्या," म्हणाल्या, आणि पेन काढून लिहायला लागल्या. मधेच त्यांनी विचारलं, "बारसं झालं तो मुलगा कोण?" चंपाबाईचा थोरला उठून उभा राहिला, स्वतः आता टक्कल पडलेला. जन्मसाल विचारलं, म्हणाला ब्याऐंशी, शाळेचा दाखला आहे. मॅडमनी तेही लिहिलं. ह्या दोघींना कशाचंच भान नव्हतं. कुणाचा बैल कुणाच्या तुरीत शिरला, कुणी कुणाच्या कडेची बोरी तोडली, विहिरीचं काम निघालं त्या साली, भूकंप झाला त्या साली, सगळं निघालं. मी डोक्याला हात लावून बसले. जमीन तर जाणारच, वर हसंही झालं, असं मनात चाललेलं.

शेवटी दोघींचा दम संपला. मॅडमनी चष्मा काढला. वकिलांना म्हणाल्या, "झुडपांसाठी कुणी हुरड्यावरून भांडत नाही. जिथं पेरणीच होत नाही तिथं बायका चाळीस वर्षं एका तासासाठी अबोला धरतात का? ह्या दोघींनी एकमेकींच्या विरोधात जे सांगितलं, तो दोघींच्याही बाजूचा पुरावा आहे."

आमच्या बायांना अर्थ कळायला थोडा वेळ लागला. मग असा गलका झाला की बाहेरची माणसं दारात जमा झाली.

निकाल नंतर देणार आहेत. परतीच्या एसटीत दोघी शेजारी बसल्या, पण बोलल्या नाहीत. चंपाबाईनं फक्त खिडकीकडची जागा आत्याबाईंना दिली.

तुझी,
रत्नाताई

*

चिकलठाणा
६ फेब्रुवारी २०२५

ताई,

अम्मीला पट्टी होती, वाचून दाखवताना तिला हसायची मनाई होती. ऐकते कुठं! शेवटी मला अर्धं पत्र दुसऱ्या दिवसावर ढकलावं लागलं. आता तिला छान दिसतं आहे. पहिली फर्माईश काय तर, "वो गीताबाई का खेत दिखा." मी नकाशा उघडून दाखवला. बोट ठेवून बराच वेळ बघत होती.

मोहियोद्दीन सर म्हणतात, आता प्रत्येक गावात शेजारणींनी जोडीनंच चालायचं. आमच्या शिकवण्यात तेच पहिलं घातलं आहे.

आदेश आल्याशिवाय मी काही बोलणार नाही. नजर लागते. पण ताई, मला खात्री आहे.

लुबना

*

खडकदरा
१६ मे २०२५

माझ्या गुणी लुबना,

फोनवर तुला "झालं" एवढंच सांगता आलं. म्हणून आज शांतपणे लिहिते.

झालं, बाई. अख्ख्या वस्तीचं झालं. एकही घर राहिलं नाही. सौर प्लेटांसाठी आता दुसरीकडं जागा बघणार आहेत. आमचे हे बजाजनगरहून रजा टाकून आले आणि वस्तीत शिरल्यापासून ज्याला त्याला सांगत होते, "जमीन आमची बायको कसते, नाव तिचं आन आईचं लागलं." बोलताना छाती अशी, की स्वतःच नांगर धरलाय.

काल समाजमंदिरापुढं मांडव घातला. तलाठी सातबारे घेऊन आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत, उभ्यानंच वाचतो म्हणाले. आत्याबाई सकाळपासून ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून पहिल्या रांगेत. मी शेजारी.

तलाठ्यांनी चष्मा सारखा केला आणि पहिलंच नाव वाचलं. "गीताबाई सांडू खरात."

आत्याबाई उठल्या. जन्मात शाळेचं तोंड पाहिलेलं नाही त्यांनी. कधी कुणी पटावर नाव घेतलं नाही. पण लेकरांना सोडायला जाताना दारातून जे ऐकलं असेल तेवढंच ठाऊक. ताठ उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"हजर!"

काही पोरं हसली. तलाठी हसले नाहीत. त्यांनी सातबारा दोन्ही हातांनी पुढं केला आणि दुसरं नाव घेतलं. "चंपाबाई कडुबा साळवे."

चंपाबाई उठली. आत्याबाईंपेक्षा मोठ्या आवाजात, कमी पडायला नको म्हणून, "हजर!"

मग एकेक नाव आणि एकेक हजर. ज्या म्हाताऱ्या बोलायला लाजतात त्यासुद्धा. मी मोजलं नाही, मी रडत होते. माझं नाव आलं तरी मी पदरानं डोळेच पुसत बसले. आत्याबाईंनी मला कोपरानं ढोसलं.

"ऊठ की गं. सांग त्यांना, आमी हितंच हाव."

मी उठले, लुबना, आणि सांगितलं.

तुझी,
रत्नमाला रामकिसन खरात